शेळीवाडी ते तुकाय मैदान

मंगळवार, २२ एप्रिल

या प्रवासाला कारण झाला भूप राग. जानेवारीत भाचीनं कझानहून, म्हणजे रशियातल्या तातारस्तानच्या राजधानीहून, एक व्हिडिओ पाठवला. तिच्या घरमालकिणीची नात, वय वर्षं अकरा, स्वयंपाकघरात फ्रिजला टेकून गात होती. सा रे ग प ध, पुन्हा सा. मध्यम नाही, निषाद नाही. शब्द तातार भाषेतले, एकही कळला नाही. पण गंधारावरून पंचमावर गळा इतका अलगद जात होता की क्लासमधल्या मुलींना मी तो व्हिडिओ तीनदा ऐकवला. मिरजेत बावीस वर्षं मी मुलांना गाणं शिकवते, आणि त्यांची पहिली दोन वर्षं भूपातच जातात. भाचीनं खाली लिहिलं होतं, 'मावशी, एप्रिलमध्ये हिची स्पर्धा आहे. तुर्किक भाषा बोलणाऱ्या देशोदेशींची मुलं येणार आहेत. येतेस?' आमचे हे म्हणाले, "भूप ऐकायला रशियात? किराणा घराण्याच्या गावात कमी पडला का?" ई-व्हिसाचा अर्ज मात्र त्यांनीच भरून दिला.

दुबईहून साधारण पाच तास. आपली कार्डं तिकडे चालत नाहीत, म्हणून कमरेच्या पाकिटात रोख डॉलर आणि मनात धाकधूक. उतरल्यावर भाची म्हणाली, "विमानतळाचं नाव वाच." मी वाचलं 'तुकाई', आणि सवयीनं हात जोडले. ती हसून हसून बेजार. गाब्दुल्ला तुकाय हा तातारांचा कवी, २०१९ पासून विमानतळ त्याच्या नावावर आहे. असो, देवीला नमस्कार पोचला असेलच.

भाची इथं डॉक्टरकीच्या पाचव्या वर्षाला आहे. महाराष्ट्रातली बरीच मुलं इकडे शिकतात, त्यामुळे घरमालकिणीला वरण-फोडणीचा वास नवा नाही. तिला सगळे 'आपा' म्हणतात. थोरली बहीण, किंवा मान द्यायचा असेल तर कुणीही वडीलधारी बाई. मी मांस खात नाही हे भाचीनं आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून आपांनी किस्तिबी केली होती: पातळ पोळीच्या घडीत कुस्करलेला बटाटा, वरून लोणी. आणि चहात दूध! रशियन माणूस चहा कोरा पितो, तातार दूध घालतो. पहिल्याच घोटाला घरी आल्यासारखं वाटलं. नात दारामागून बघत होती. बोलावलं तर पळाली.

बुधवार, २३ एप्रिल

घड्याळ मॉस्कोचं आणि सूर्य त्याच्याही पूर्वेचा, त्यामुळे पहाटे साडेचारलाच लख्ख उजाडतं. झोप पुरी झाली नाही.

आमचं मेट्रो स्टेशन कोझ्या स्लोबोदा, तातारमध्ये कॅजॅ बिस्तॅसे. दोन्हीचा अर्थ एकच, शेळ्यांची वस्ती. म्हणजे आपली शेळीवाडीच. गाडीत प्रत्येक स्टेशन तीन भाषांत पुकारतात, आणि पुढे 'तुकाय मॅयदानी' ऐकल्यावर माझे कान टवकारले. तुकायचं मैदान! मैदान हा शब्द फारसीच्या वाटेनं आपल्याकडे आला, तसाच तो यांच्याकडेही पोचला. मग नातीला (आता ती लाजत नव्हती) माझ्याकडच्या वस्तू दाखवत सुटले. साबणाला ती म्हणाली साबिन. कात्रीला कायची, आपली कैचीच ना! वहीला दॅफ्तॅर. आपण दप्तरात वह्या भरतो, त्यांची वही हेच दप्तर.

स्पर्धा एका जुन्या संस्कृती भवनात होती. सोव्हिएत काळातला मोठा जिना, संगमरवरी खांब, आणि कोट टांगण्याच्या खोलीत शिस्तीचा भंग खपवून न घेणाऱ्या दोन आजीबाई. दारावरच्या फलकावर मोठ्या अक्षरांत 'बालालार'. भाचीनं फोड करून सांगितली, बाला म्हणजे मूल, लार लावलं की अनेकवचन. मी म्हटलं, "अगं, म्हणजे बाळंच की!" शब्द कुणी कुणाकडून घेतला त्यात मला शिरायचं नाही. ऐकायला गोड वाटला, एवढंच.

तुर्किक म्हटलं की आपल्याला तुर्कस्तान आठवतो. पण हे कुटुंब बोस्फोरसपासून सैबेरियाच्या टोकापर्यंत पसरलेलं आहे. कझाक, किरगीझ, उझबेक, अझरबैजानी हे देशवाले. रशियाच्या पोटातले तातार, बश्कीर, चुवाश, तुवा, खकास आणि पार याकुत्स्कचे साखा. मोल्दोव्हातले गागाऊझ ख्रिस्ती, साखांकडे जुनी निसर्गपूजा अजून जिवंत, तुवांकडे बौद्ध धर्म. धर्म, चेहरे, हवामान सगळं वेगळं. जोडणारी फक्त भाषा. यांना गाण्यानं एकत्र आणायचा मोठा प्रयत्न म्हणजे तुर्कव्हिजन. तुर्कस्ताननं २०१२ नंतर युरोव्हिजनकडे, युरोपातल्या देशोदेशींच्या गाण्यांच्या स्पर्धेकडे, पाठ फिरवली आणि २०१३ मध्ये एस्किशेहिरला ही स्पर्धा सुरू झाली. पुढच्या वर्षी ती याच कझानमध्ये झाली. २०१५ मध्ये इस्तंबूलला मोठ्यांच्या जोडीनं मुलांसाठीही एक झाली, तिच्या नावातही 'बाला' होतंच. त्याच वर्षअखेरीस तुर्कस्ताननं रशियाचं लढाऊ विमान पाडलं. रशियातल्या प्रजासत्ताकांना तुर्किक देशांच्या सांस्कृतिक संघटनेतून, तुर्कसोयमधून, तडकाफडकी बाहेर पडायला सांगण्यात आलं. मोठ्यांच्या भांडणात पहिला बळी गाण्याचा जातो. मी आलेली स्पर्धा यातली नव्हे. ही साधी, स्थानिक उत्साहावर चालणारी. पण खुर्च्यांवरच्या पाट्या वाचताना ते सगळं मनात होतं.

दुपारी चिठ्ठ्या काढून क्रम ठरले. नातीला सतरावा. ती नाराज, कारण सोळावा तुवाचा मुलगा, आणि तुवाच्या मुलामागून गायला कुणालाच नको असतं. का, ते दुसऱ्या दिवशी कळलं.

आजची खरी गंमत मात्र बोळात घडली. मुलं आपसात रशियन बोलत होती. तुर्कस्तानातून आलेल्या मुलीला रशियन येईना, तेव्हा कुणीतरी बोटं मोजायला सुरुवात केली. ती म्हणाली, "बिर, इकी, उच, दोर्त, बेश." आमची नात, "बेर, इके, ओच, दुर्त, बिश." साखा मुलगी, "बीर, इक्की, उस, तुओर्त, बिएस." एकच किंकाळी फुटली! मग मुलं वाटेल त्याला पकडून अंक म्हणायला लावू लागली. चुवाश मुलीची पाळी आली, ती हळूच म्हणाली, "पेर्रे, इक्के, विस्से, तवत्ता, पिल्लेक." सगळे गप्प. चुवाश ही या कुटुंबातली फार पूर्वी वेगळी निघालेली शाखा, तिची जवळची भावंडं कधीच लोपली. ती पोर ओशाळली. तेवढ्यात साखा मुलीनं तिच्या डोक्यावरच्या नाणी-मण्यांच्या टोपीला हात लावला आणि विषय बदलला. मुलांना हे जमतं.

गुरुवार, २४ एप्रिल

पहिली फेरी लोकगीतांची. यंत्रावरचं संगीत चालणार नाही. नुसता गळा, नाहीतर आपलं वाद्य.

एका बश्कीर मुलानं कुराय आणली होती. हे रानातल्या एका उंच झाडोऱ्याचं वाळलेलं पोकळ देठ. पाच भोकं, आणि लांबी वाजवणाऱ्याच्या मुठींनी मोजलेली. बासरीसारखी आडवी नाही की सनईसारखी ओठांत नाही; तोंडाच्या कोपऱ्यात दाताशी टेकवून तिरकी धरायची. मिरजेत तंबोऱ्याचे भोपळे निवडणारे कारागीर मी लहानपणापासून पाहिलेत. भोपळ्यावर टिचकी मारून ते कान लावतात. त्या मुलालाही मध्यंतरात विचारलं, देठ कसं निवडतोस? त्यानं टिचकी मारून दाखवली.

साखा मुलगी खोमुस वाजवत गायली, म्हणजे दातांशी धरून बोटानं छेडायचं वाद्य, आपल्याकडच्या राजस्थानी मोरचंगाची बहीण. दुपारचे तीन वाजले होते आणि बिचारी जांभया आवरत होती. तिच्या याकुत्स्कात त्या वेळी रात्रीचे नऊ. देश एकच, घड्याळात सहा तासांचं अंतर.

मग अझरबैजानचा मुलगा उभा राहिला आणि माझा सिद्धांत आपटला. तीन दिवस मी भाचीला ऐकवत होते की तुर्किक लोक भूपात गातात. या पोरानं मुगाम, म्हणजे त्यांच्याकडचं रागदारीसारखं गाणं, सुरू केला. हातात डफासारखं गावाल, चेहऱ्याजवळ आडवं धरलेलं, आणि स्वर असे की माझ्या पेटीच्या पट्ट्यांमध्ये सापडायचे नाहीत. पाच स्वरांचा मागमूस नाही. तुर्की मुलीचं तेच, उझबेक मुलाचं तेच. भूप होता तो तातारांकडे, बश्कीरांकडे, चुवाशांकडे. चुवाश गाणं तर मला मधमाद सारंगासारखं ऐकू आलं. भूपाच्या ऋषभाला षड्ज मानलं की तोच निघतो. गंधाराला मानलं की मालकंस, पंचमाला मानलं की दुर्गा. परीक्षकांपैकी एक बाई मध्यंतरात चहा घेत होत्या, त्यांना भाचीमार्फत विचारलं. त्या म्हणाल्या, "आमच्या शेजारी मारी लोक आहेत. त्यांची भाषा फिनिशच्या घराण्यातली, आमच्याशी काही संबंध नाही. पण तेही पाचच स्वरांत गातात." म्हणजे हे स्वर भाषेचे नव्हेत, व्होल्गेकाठचे आहेत. मिरजेहून एवढ्या लांब येऊन चूक कळली, तिकिटाचे पैसे वसूल.

सोळावा तुवाचा मुलगा. एवढंसं पोर, गळ्यातून खर्ज लावला आणि त्याच श्वासात वर शीळ घुमायला लागली. एका माणसाचे दोन आवाज. सभागृहात क्षणभर सामसूम, मग टाळ्या थांबेचनात. आणि त्या टाळ्यांतून आमची नात मंचावर आली.

तिनं ओझोन क्यॉय निवडली होती. शब्दशः लांब सूर. यात ताल नसतो. एकेक अक्षर धरून त्याला वेलीसारखे बारीक वळसे देत जायचं. आपल्या विलंबित आलापीच्या जवळचं काहीतरी. वाद्य नाही, तंबोरासुद्धा नाही. पहिल्या ओळीला आवाज कापला. दुसऱ्या ओळीला तिनं डोळे मिटले आणि मग ते झालं, ज्याला हे लोक मोंग म्हणतात. गळ्यातली आर्तता, ओल, आठवणीचा कढ, असं काहीतरी मिळून. आवाज चांगला असून मोंग नसेल तर तातार माणूस मान हलवत नाही. माझ्या शेजारचे म्हातारे गृहस्थ मात्र मान हलवत होते. आपा स्थिर बसल्या होत्या, हातातला रुमाल पिळत.

रात्री चाकचाक खाल्लं. तळलेल्या पिठाचे तुकडे मधात बांधलेले, बुंदीच्या लाडवाची लांबट बहीण. दोन तुकड्यांवर थांबायचं ठरवलं होतं.

शुक्रवार, २५ एप्रिल

दुसरी फेरी नव्या गाण्यांची, वाजत्या ट्रॅकवर. इथं त्याला मिनुसोव्का म्हणतात, आपल्या ऑर्केस्ट्रावाल्यांचं 'मायनस वन' ते हेच. धूर, चकमकी कपडे, मागे पडद्यावर धावणारे घोडे. खरं सांगायचं तर डोळे मिटले की देश ओळखू येईनात. कझाक गाणं आणि तातार गाणं एकाच कारखान्यातून निघाल्यासारखं. आमच्याकडच्या वाहिन्यांवरच्या बालगायकांचं तरी काय वेगळं आहे? पोरं तयारीची होती, यात शंका नाही. पण कालच्या त्या वाळक्या देठानं जे केलं ते या दणदणाटाला जमलं नाही. मी दोनदा बाहेर जाऊन कोटवाल्या आजीबाईंशी खुणांनी गप्पा मारून आले.

नात ठीक गायली. उतरल्यावर एका परीक्षकांनी जवळ बोलावून सांगितलं, "गळा सुंदर आहे. पण बाळा, तुझे उच्चार कागदावरचे आहेत." तिनं मान डोलावली, आणि थेट स्वच्छतागृहात जाऊन रडली.

ते खोटं नव्हतं. घरी आई-वडील तिच्याशी रशियनच बोलतात. तातार येते ती आजीकडून, शनिवार-रविवारी. आपा स्वतः शाळेत तातार शिकवायच्या. २०१७ पर्यंत तातारस्तानातल्या प्रत्येक मुलाला ही भाषा सक्तीची होती. मग ती ऐच्छिक झाली. आठवड्याला फार तर दोन तास, तेही पालकांनी लेखी संमती दिली तर. २०१८ मध्ये कायदाही तसाच झाला. "वर्गात तीस मुलं असायची," आपा म्हणाल्या, "शेवटच्या वर्षी मी सहा जणांना शिकवत होते." पुढे काही बोलल्या नाहीत. उठून एक डबा घेऊन आल्या.

डब्यात पत्रं. त्यांच्या आजीची, अरबी लिपीत. त्या खाली आईची शाळेतली वही, रोमन लिपीत. १९२० च्या दशकाच्या अखेरीस तातार भाषा अरबी सोडून रोमन अक्षरांत लिहायला लावली आणि १९३९ मध्ये तीही बदलून रशियन अक्षरं आणली. तीन पिढ्या, तीन लिप्या, भाषा एकच. आपांना आजीची पत्रं वाचता येत नाहीत. मी त्यांना सांगितलं की आमच्या घरीही पणजोबांचे कागद आहेत, जमिनीचे, मोडीत लिहिलेले. मी मराठी, ते मराठी, आणि मला त्यातली एक ओळ लागत नाही. मोडी म्हणजे काय ते रशियनमध्ये समजावून सांगताना भाचीला घाम फुटला. आपांना मात्र लगेच कळलं.

मला आणखी एक गोष्ट सांगायची होती, ती सांगितली नाही. माझ्या क्लासमधल्या निम्म्या मुली बालगीतांचे शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून आणतात. मी ओरडते. एकदा तर एकीची वही परत पाठवली होती.

कपाटावर आपांच्या यजमानांचं गार्मुन होतं, हातात धरून भात्यानं वाजवायचं. नाव ऐकून हसू आलं, हार्मोनियमचाच घरगुती अपभ्रंश वाटला. मी चाचपडत भूपाची सरगम काढली. नात डोळे पुसत आली आणि माझ्या सरगमेवर तिनं तिचं गाणं बसवलं. अर्धा तास आम्ही तेच केलं. भाचीची परीक्षा होती, ती वैतागली.

शनिवार, २६ एप्रिल

आज तुकायचा जन्मदिवस. इथं तो मातृभाषेचा दिवस म्हणून पाळतात, आपण २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जयंतीला मराठी भाषा गौरव दिन पाळतो तसाच. तुकाय १८८६ ला जन्मला आणि १९१३ ला क्षयानं गेला. सव्वीस-सत्तावीस वर्षांचं आयुष्य. तेवढ्यात परीकथा, उपरोध, मुलांच्या कविता, सगळं.

पुतळ्यापाशी फुलांचे ढीग, वारा बोचरा, आकाश निळंशार. शाळेतली मुलं कविता म्हणत होती. मग ध्वनिक्षेपकावर 'तुगान तेल' सुरू झालं, तुकायचीच मातृभाषेवरची कविता. तातारांचं हे राष्ट्रगीतच म्हणा, कागदोपत्री नसलं तरी. भोवतीचे सगळे गाऊ लागले. दुकानाच्या पिशव्या घेतलेल्या बायका, टोपीवाले म्हातारे, एक पोलीसही ओठ हलवत होता. नात माझ्या शेजारी होती. ती कागदाशिवाय, काल कुणी काय म्हटलं ते विसरून, आजीच्या आवाजात आवाज मिसळून गात होती. उच्चारांचं मला काय कळणार! सूर मात्र चोख होता.

संध्याकाळी निकाल. या बाजूच्या स्पर्धांत पहिला-दुसरा-तिसरा असे तीनच नसतात. प्रत्येक वयोगटात लॉरिएट, त्यांच्या तीन पायऱ्या, खाली दिप्लोमान्त, आणि सगळ्यांच्या वर एकच ग्रां प्री. त्यामुळे बहुतेक पोरं हातात काहीतरी घेऊन जातात. आमच्या नातीला तिसऱ्या पायरीचं लॉरिएट. ग्रां प्री कुरायवाल्या मुलाला. तो स्वीकारायला गेला तेव्हा कुराय खिशातून अर्धी बाहेर आलेली होती आणि त्याची आई खालून हातवारे करून ती आत ढकलायला सांगत होती.

रविवार, २७ एप्रिल

सकाळी पाऊस. इथलं क्रेमलिन, म्हणजे जुना किल्ला, बघायचं राहिलं होतं, ते छत्रीखालून उरकलं. पांढरी तटबंदी, कुल शरीफ मशिदीचे निळे घुमट, त्यांच्या शेजारीच जुनं कॅथेड्रल, आणि किंचित कललेला स्युयुंबिके मनोरा. १५५२ मध्ये रशियाच्या झार चौथ्या इव्हाननं हे शहर जिंकलं तेव्हा जुनी मशीद गेली. आताची २००५ ची. पाय ओले झाले आणि आम्ही परत फिरलो.

दुपारी सामान भरताना नात वही घेऊन आली. तिला माझं एक गाणं हवं होतं, मराठी. मी एक जुनी अंगाई निवडली, माझी आजी म्हणायची ती. दोन कडवी. ती म्हणाली, लिहून द्या. मी देवनागरीत लिहिलं. तिनं ते कौतुकानं पाहिलं आणि विचारलं, वाचायचं कसं?

मग भाचीनं माझ्याकडून एकेक ओळ म्हणवून घेतली आणि तिच्या दॅफ्तॅरमध्ये रशियन अक्षरांत उतरवली. परत पाठवलेल्या त्या वहीची आठवण झाली, पण मी गप्प बसले. 'बाळ' लिहिताना भाची अडली. "मावशी, ळ नाहीये यांच्याकडे." साधा ल लिहिला. गाडी खाली येऊन उभी होती, आपा डब्यात चाकचाक कोंबत होत्या, आणि नात जिन्यावर उभी राहून पहिली ओळ म्हणून बघत होती. तिनं 'बाला' म्हटलं. मी दुरुस्त केलं नाही.